पिट्सबर्गच्या मैदानातली भिंत २१ फुटांचीच का?

सामन्याच्या दिवशी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातला सहाव्या रस्त्याचा पूल गाड्यांसाठी बंद करतात. मग त्या पिवळ्या पुलावरून माणसंच माणसं चालत निघतात. कुणी ऑफिसातून थेट आलेलं, कुणी पोराला खांद्यावर घेतलेलं. खाली अ‍ॅलेगेनी नदी, पाठीमागे शहराच्या उंच इमारती, समोर पायरेट्स या बेसबॉल संघाचं मैदान. अंगात काळे-पिवळे शर्ट, आणि त्यांतल्या कितीतरी शर्टांच्या पाठीवर एकच आकडा: २१. ज्या खेळाडूचा हा आकडा, तो १९७२ साली गेला. आज हा शर्ट घालणाऱ्या बहुतेकांनी त्याला खेळताना पाहिलेलंही नाही.

पुलाचं नाव रोबेर्तो क्लेमेंते पूल. पूल ओलांडला की त्याचाच पुतळा भेटतो, चेंडू टोलवून धावायला निघालेला. आणि मैदानात शिरलात की फलंदाजाच्या उजव्या हाताला, बेसबॉलवाल्यांच्या भाषेत ‘राइट फील्ड’ला, जी भिंत दिसते तिची उंची मोजून २१ फूट आहे. वीस नाही, बावीस नाही.

एखाद्या शहरानं खेळाडूचा पुतळा उभारणं आपल्याला नवं नाही. पण भिंतीच्या उंचीत, पुलाच्या नावात, शर्टाच्या आकड्यात एखादा माणूस असा मुरवून ठेवणं निराळं आहे. ते का झालं हे समजायला आधी थोडं बेसबॉल, मग तो माणूस, आणि मग या शहराचं आणि त्याचं अवघड नातं समजून घ्यावं लागतं. नातं खरोखरच अवघड होतं. त्याच्यावर प्रेम करायला पिट्सबर्गनं वेळ लावला.

आधी खेळ. बेसबॉलमध्ये चार कोपऱ्यांचा चौकोन असतो. प्रत्येक कोपऱ्याला ‘बेस’ म्हणतात, आणि शेवटचा, जिथं फलंदाज उभा असतो, तो ‘होम’. चेंडू मारायचा, धावत सुटायचं, चारही कोपरे फिरून होमला परतलं की एक धाव. फलंदाजानं स्वतःच्या फटक्यावर, क्षेत्ररक्षकाची चूक नसताना, निदान पहिला बेस गाठला तर त्याच्या नावावर एक ‘हिट’ लागतो. ऐकायला सोपं वाटतं, पण गोल दांडक्यानं गोल चेंडू नीट लागणं इतकं कठीण, की दहापैकी सात वेळा अपयशी ठरणारा फलंदाजही मोठा मानतात. क्लेमेंतेची अठरा हंगामांची सरासरी हजारात ३१७, एकूण हिट बरोबर ३०००. लीगमधला सर्वांत जास्त सरासरीचा फलंदाज तो चार वेळा ठरला.

पण जुने लोक त्याच्याबद्दल बोलायला लागले की फलंदाजीच्या आधी त्याच्या हाताबद्दल बोलतात. राइट फील्ड म्हणजे आपल्या सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाची जागा. तिथून चेंडू उचलायचा आणि होमकडे धावणाऱ्या गड्याच्या आधी तिथं पोचवायचा. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थेट यष्टिरक्षकाच्या हातात फेक येते, गडी धावचीत होतो आणि सगळं मैदान एकदम उभं राहतं. क्लेमेंतेच्या बाबतीत तसं वारंवार व्हायचं. धावणारा गडी त्याच्या हातात चेंडू पाहूनच जागच्या जागी थबकायचा. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठीचा ‘गोल्ड ग्लव्ह’ त्याला लागोपाठ १२ वेळा मिळाला.

हा हात घडला भालाफेकीतून. शाळेत असताना तो भाला फेकायचा. इथं एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००८ साली याच पायरेट्स संघानं रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन तरुणांना करारबद्ध केलं. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा करार मिळवणारे ते पहिले भारतीय. दोघंही भालाफेकपटूच होते.

रोबेर्तोचं बेट पोर्तो रिको. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. तिथले लोक अमेरिकेचे नागरिक, पण घरात, बाजारात, देवळात भाषा स्पॅनिश. कारोलिना नावाच्या गावात १८ ऑगस्ट १९३४ रोजी त्याचा जन्म झाला. सात भावंडांतलं हे शेंडेफळ. वडील मेल्चोर उसाच्या मळ्यावर मुकादम होते. ऊस, तोड, मुकादम हे शब्द ज्यांच्या घरात रोजचे आहेत त्यांना त्या घराची परिस्थिती वेगळी सांगायला नको.

१९५४ साली ब्रुकलिन डॉजर्स या बड्या संघानं त्याला दहा हजार डॉलर देऊन घेतलं आणि मुख्य संघात न खेळवता खालच्या पातळीवर माँट्रियलला पाठवलं. त्या काळी नियम असा होता की एवढा मोठा बोनस देऊन घेतलेला नवा खेळाडू मुख्य संघात ठेवला नाही, तर हंगाम संपल्यावर दुसरा संघ त्याला उचलू शकतो. श्रीमंत संघांनी चांगली पोरं नुसती गोळा करून ठेवू नयेत म्हणून केलेली ही सोय. उचलण्याचा पहिला मान तळाच्या संघाला, आणि त्या वर्षी तळाला होते पायरेट्स. त्यांनी चार हजार डॉलर मोजले. बेसबॉलच्या इतिहासात याहून स्वस्तात झालेला मोठा सौदा मला तरी माहीत नाही.

पिट्सबर्ग तेव्हा पोलादाचं शहर होतं. अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्या इथं मिळतात आणि पुढे ओहायो होऊन वाहतात. काठावर कारखाने आणि त्यांत राबणारी, युरोपातून आलेल्या आई-बापांची पोरं. काळे लोकही होते, त्यांची वेगळी वस्ती होती. स्पॅनिश बोलणारे मात्र अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. क्लेमेंते काळा होता आणि स्पॅनिश बोलणाराही होता. गोऱ्यांच्या लेखी तो काळा, आणि काळ्यांच्या वस्तीत भाषेमुळे परका. सरावासाठी संघ दक्षिणेला फ्लोरिडात जायचा तेव्हा तिथल्या वर्णभेदामुळे काळ्या खेळाडूंना संघाच्या हॉटेलात जागा मिळायची नाही. वाटेत गोरे सहकारी हॉटेलात जेवायचे आणि हे बसमध्ये बसून राहायचे. पोर्तो रिकोत असलं काही त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं त्याबद्दल गप्प बसणं कधीच पत्करलं नाही.

वर्तमानपत्रांनी केलं ते याहून बारीक, पण रोज टोचणारं. त्याचं इंग्रजी ते त्याच्या उच्चारासकट छापायचे. तो ‘हिट’ म्हणाला की छापायचं ‘हीट’. वाचणाऱ्यानं हसावं एवढ्यासाठीच. दोन भाषांत विचार करणाऱ्या माणसाला एका भाषेत अडखळताना पकडून वेड्यात काढायचं, हा प्रकार आपल्याकडेही कमी लोकांनी सोसलेला नाही. १९५४ च्या डिसेंबरात मोटार अपघातात त्याच्या पाठीच्या मणक्यांना मार बसला होता आणि ते दुखणं जन्माचं सोबती झालं. दुखतंय म्हणाला की लिहायचे, हा नाटकं करतो.

आणि नाव! रोबेर्तो हे नाव जिभेला जड वाटलं म्हणून ते त्याला ‘बॉब’ म्हणायला लागले. वर्षानुवर्षं बेसबॉलच्या कार्डांवर ‘बॉब क्लेमेंते’ असंच छापून येत राहिलं. तो सांगत राहिला, माझं नाव रोबेर्तो आहे.

१९६० साली पायरेट्सनी बलाढ्य न्यूयॉर्क यँकीज संघाला हरवून वर्ल्ड सीरीज, म्हणजे सात सामन्यांपर्यंत चालणारी अजिंक्यपदाची मालिका जिंकली, सातव्या सामन्यातल्या बिल माझेरोस्कीच्या शेवटच्या फटक्यावर. क्लेमेंतेनं सातही सामन्यांत हिट मारला होता. त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात मात्र तो आठवा आला. हे त्याच्या फार मनाला लागलं. विजेत्यांना मिळणारी त्या वर्षीची अंगठी त्यानं बोटात घातली नाही. १९६६ साली सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याच्याकडे आला, पण सल गेली असेल असं मला वाटत नाही.

शहर त्याच्याकडे वळलं ते हळूहळू. सामना संपल्यावर तो तासन् तास थांबून पोरांना सह्या द्यायचा, दवाखान्यांत आजारी मुलांना भेटायला जायचा. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली तेव्हा त्यांच्या अंत्यसंस्काराआधी खेळायचं नाही असं पायरेट्सच्या खेळाडूंनी ठरवलं, त्यात क्लेमेंते पुढे होता. मग आलं १९७१. वर्ल्ड सीरीजचे पहिले दोन सामने पायरेट्स हरले. पुढचे पाचपैकी चार जिंकले. क्लेमेंते पुन्हा सातही सामन्यांत हिट, सातव्या सामन्यात होमरन (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट मैदानाबाहेर), आणि तो सामना जिंकला २-१ असा. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू कोण, याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

सामना संपल्यावरचं दृश्य मला त्या सगळ्या खेळाहून मोठं वाटतं. खोलीत गोंधळ, घामेजलेले खेळाडू, टीव्हीचा माइक क्लेमेंतेसमोर. अख्खी अमेरिका बघतेय. इंग्रजीत काही बोलण्याआधी तो म्हणतो, मला आधी आई-वडिलांसाठी स्पॅनिशमध्ये दोन शब्द बोलायचेत. आणि मग, आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, आपल्या मुलांना आशीर्वाद देतो आणि पोर्तो रिकोतल्या आई-वडिलांकडे आशीर्वाद मागतो. पोर्तो रिकोत वडीलधारं माणूस भेटलं की ‘बेन्दिसियोन’ म्हणायची रीत आहे, म्हणजे ‘आशीर्वाद द्या’. आपण वाकून नमस्कार करतो तसंच. ज्या उच्चारांवर हसू केलं गेलं, ती भाषा त्यानं त्या दिवशी सगळ्या देशासमोर मान ताठ ठेवून वापरली.

पुढच्या वर्षी, ३० सप्टेंबर १९७२ रोजी, पिट्सबर्गच्या थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये त्यानं ३००० वा हिट मारला. त्याआधी फक्त दहा खेळाडू तिथवर पोचले होते. दुसऱ्या बेसवर उभं राहून त्यानं टोपी उंचावली. स्टेडियममध्ये प्रेक्षक होते तेरा हजारांच्या आसपास. म्हणजे बहुतेक खुर्च्या रिकाम्या. पुढच्या मोसमात हा आहेच की, असंच सगळ्यांनी धरलं असणार.

२३ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपानं जमीनदोस्त झाली. हजारो माणसं गेली. क्लेमेंते काही आठवड्यांपूर्वीच हौशी संघाचा व्यवस्थापक म्हणून तिथं राहून आला होता, तिथली माणसं ओळखीची झाली होती. तो टीव्ही-रेडिओवरून मदत मागायला लागला, पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन, तिथल्या स्टेडियमवर कपडे, अन्न, औषधं गोळा करायला लागला. नाताळ तिथंच गेला. मदतीची विमानं रवाना झाली. मग बातमी आली की सोमोसाच्या हुकूमशाहीतले सैनिक आलेली मदत मध्येच हडप करताहेत, लोकांपर्यंत काही पोचत नाही. तेव्हा त्यानं ठरवलं, पुढच्या विमानातून मी स्वतः जातो. मी उभा असलो तर हात लावायची त्यांची छाती होणार नाही.

मिळालं ते विमान म्हणजे जुनं डीसी-७. महिनाभर आधीच त्याला अपघात झाला होता. वजन परवानगीपेक्षा चार हजार पौंडांहून जास्त. ३१ डिसेंबरच्या रात्री, नऊच्या सुमाराला, बेटावर लोक नव्या वर्षाची वाट बघत असताना ते उडालं आणि काही मिनिटांत समुद्रात कोसळलं. पाच जण होते. क्लेमेंतेचा मृतदेह कधीच सापडला नाही. तो ३८ वर्षांचा होता. मागे पत्नी व्हेरा आणि तीन लहान मुलगे.

पायरेट्सचे खेळाडू स्मरणप्रार्थनेसाठी विमानानं पोर्तो रिकोला आले. एकटा मॅनी सांगियेन चर्चमध्ये नव्हता. पनामाचा हा खेळाडू रोबेर्तोचा जिवाभावाचा मित्र. बाकीचे प्रार्थना करत होते तेव्हा तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात बुड्या मारून मित्राला शोधत होता.

त्यानंतर जे सुरू झालं ते आजवर थांबलेलं नाही. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, नाव जायला निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. क्लेमेंतेसाठी ती अट बाजूला ठेवून मार्च १९७३ मध्ये खास मतदान घेतलं. ४२४ पैकी ३९३ मतं पडली आणि तिथं पोचलेला तो पहिला लॅटिन अमेरिकन खेळाडू ठरला. समाजासाठी झटणाऱ्या खेळाडूला लीग दर वर्षी जो पुरस्कार देते त्याला त्याचं नाव मिळालं. पायरेट्सनी २१ क्रमांक निवृत्त केला. मुंबईकरांना याचा अर्थ सचिनच्या १० नंबरमुळे चटकन कळेल: तो शर्ट पुन्हा दुसऱ्या कुणी घालायचा नाही. अपवाद पहिल्यांदा केला तो ९ सप्टेंबर २०२० रोजी. त्या दिवशी पायरेट्सचा प्रत्येक खेळाडू २१ घालून उतरला.

पुतळा १९९४ चा. त्याच्या पायाशी तो ज्या मैदानांवर खेळला तिथली माती ठेवलेली आहे: पोर्तो रिकोची, पिट्सबर्गच्या जुन्या फोर्ब्स फील्डची आणि थ्री रिव्हर्सची. शहरातल्याच लॉरेन्सव्हिल भागात, एका जुन्या अग्निशमन केंद्राच्या विटांच्या इमारतीत त्याच्या नावाचं संग्रहालय उभं राहिलंय.

आता पूल. ही गोष्ट जरा पैशाची आहे. नव्वदीच्या दशकाअखेर पायरेट्ससाठी नवं मैदान बांधायचं ठरलं तेव्हा गावातल्या पुष्कळांची इच्छा होती की त्याला क्लेमेंतेचं नाव द्यावं. पण अमेरिकेत मैदानाचं नाव ही विकायची वस्तू असते. कंपनी वर्षानुवर्षांचे पैसे मोजते आणि नाव तिचं लागतं. इथं ते हक्क पीएनसी बँकेनं घेतले, म्हणून मैदान झालं ‘पीएनसी पार्क’. लोक नाराज झाले. तेव्हा मैदानाच्या दारात उतरणाऱ्या सहाव्या रस्त्याच्या पुलाला १९९८ मध्ये रोबेर्तो क्लेमेंते यांचं नाव दिलं गेलं.

ही तडजोड होती, यात शंका नाही. तरीही मला वाटतं, नाव योग्य जागी लागलं. फोर्ब्स फील्ड १९७१ मध्ये पाडलं, आता तिथं विद्यापीठाच्या इमारतींमध्ये वेलींनी भरलेला भिंतीचा एक तुकडा तेवढा उरलाय. थ्री रिव्हर्स १९७० मध्ये उभं राहिलं आणि फेब्रुवारी २००१ मध्ये सुरुंग लावून पाडलं. मैदानाचं आयुष्य एका पिढीचं. पूल मात्र १९२८ चा आहे. शेजारच्या दोन पुलांसह तो ‘तीन बहिणी’ म्हणून ओळखला जातो, कारण तिघी दिसायला सारख्या. झुलत्या पुलाचे दोर एरवी दोन्ही काठांवर जमिनीत घट्ट रोवलेले असतात. इथं ते पुलाच्या स्वतःच्याच तुळयांना बांधलेत, जणू पूल स्वतःचा भार स्वतःच धरून उभा आहे. २०२२-२३ मध्ये तो बंद ठेवून नीट दुरुस्त केला, म्हणजे अजून बरीच वर्षं चालेल. आणि पुलाचं नाव कामासाठी घ्यावंच लागतं. रस्ता सांगताना, गाडी कुठून वळवायची ते विचारताना, रेडिओवर वाहतुकीच्या बातम्या देताना. ज्या गावात त्याला बॉब म्हणायचे, तिथं आज बेसबॉलशी देणंघेणं नसलेला माणूसही दिवसातून दोनदा रोबेर्तो म्हणतो.

राहिला प्रश्न २१ चा. हा आकडा त्यानं का घेतला? सुरुवातीला त्याच्या पाठीवर १३ होता. सांगतात ते असं: त्यानं आपलं पूर्ण नाव लिहून अक्षरं मोजली. रोमन लिपीत रोबेर्तोची ७, क्लेमेंतेची ८ आणि वॉकरची ६. एकूण २१.

वॉकर हे त्याच्या आईचं, लुईसाचं आडनाव. स्पॅनिश रीतीत आधी बापाचं आडनाव येतं, मग आईचं, आणि माणूस दोन्ही लावतो. अमेरिकन कागदपत्रांना हे झेपत नाही. तिकडे गेलेल्या मराठी माणसाला ठाऊक असतं, वडिलांचं नाव ‘मधलं नाव’ म्हणून कसं चेपलं जातं ते. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये १९७३ साली क्लेमेंतेची ब्राँझची पाटी लागली तेव्हा तिच्यावरही हेच झालं. लिहिलं होतं, रोबेर्तो वॉकर क्लेमेंते. आईचं आडनाव मधलं नाव होऊन बसलं होतं, आणि २७ वर्षं तसंच राहिलं.

२००० साली ती पाटी उतरवून नवी ओतून लावली: रोबेर्तो क्लेमेंते वॉकर. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये नदीकाठचं नवं मैदान खुलं झालं. राइट फील्डची भिंत २१ फूट उंच. त्यात लुईसा वॉकरच्या आडनावाचे सहा फूटही आले.